उरलेल्या पोटाचे किस्से

पोट लहान करायचं ऑपरेशन झालं की किलो जातात आणि किस्से जमायला लागतात. किलो पुढे परतही येऊ शकतात, हे आम्हाला जरा उशिरा कळलं. किस्से मात्र आले की राहतात.

आम्ही तिघं दर सहा महिन्यांनी अमरावतीच्या दवाखान्यात तपासणीला भेटतो. दर्यापूरकडचे शेतकरी गजाननभाऊ, अकोल्याच्या कोर्टातले वकीलसाहेब आणि अकोल्यातच शाळेत शिकवणारी मी. तिघांचं ऑपरेशन चार वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात झालं. आता रक्त द्यायचं, बाकावर बसायचं आणि एकमेकांना विचारायचं, तुमचंही असंच होतं का हो?

*

गजाननभाऊंनी ऑपरेशनचं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. ते पन्नास किलोंनी उतरले तशी गावात कुजबुज सुरू झाली. लोक घरी येऊन काही न बोलता चहा पिऊन जायला लागले. भाऊंना वाटायचं, आपला लोकसंग्रह वाढला.

एक दिवस शेजारच्या काकांनी वहिनींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, ऑपरेशन केलं म्हणतात, खरं का? वहिनी बिचाऱ्या खरं बोलायच्या. म्हणाल्या, "हो, केलं ना. अर्धं पोट काढलं."

काकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या सासुरवाडीची माणसं जीप करून भेटायला आली.

*

वकीलसाहेबांचं पातूरला झालं. भाच्याच्या साखरपुड्यात बहिणीने आग्रह केला आणि साहेबांनी दोन जिलेब्या खाल्ल्या. आमच्यासारख्यांनी गोड असं एकदम खाल्लं की दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. थोडा वेळ पडून राहिलं की उतरतं. पण हे पातूरच्या मांडवात कुणाला माहीत?

त्यांना उचलून गाडीत घातलं. बहीण रडत होती, नवरदेव पंखा धरून बसला होता. दवाखान्यात ईसीजी लागला. नवे डॉक्टर परत परत विचारत होते, छातीत दुखतंय का? साहेब परत परत सांगत होते, जिलेबी खाल्ली. डॉक्टरांनी बहिणीला बाहेर नेऊन सांगितलं, पेशंट थोडे असंबद्ध बोलताहेत.

साहेब अजून म्हणतात, "तीस वर्षं साक्षीदार माझ्यासमोर खोटं बोलले आणि कोर्टाने मानलं. मी एकदा खरं बोललो, तर मला ऑक्सिजन लावला."

*

तिसऱ्या वर्षी माझं वजन सात किलोंनी वाढलं. मी काटा पलंगाखाली सारला आणि तपासणी चुकवली. ह्यांना सांगितलं, शाळेत परीक्षा आहेत. परीक्षा होत्याच, त्यामुळे ते खोटंही वाटेना.

शेवटी दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमचा फोन आला आणि मी गेले. मी म्हटलं, मॅडम, मी खरंच काही खात नाही, अर्धी पोळीही संपत नाही. त्या म्हणाल्या, सकाळपासून सांगा. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं. पेपर तपासताना चिवडा, स्टाफरूममध्ये बिस्किट, संध्याकाळी चमचाभर शेव, परत पेपर, परत चिवडा. थोडं थोडंच, पण दिवसभर.

मॅडम रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आपण पोट लहान केलं, ताई. दिवस तेवढाच आहे."

मी घरी येऊन काटा बाहेर काढला. पण मला आता भूक लागते की नुसती आठवण येते, हे आजही नीट सांगता येत नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात गजाननभाऊ डॉक्टरांच्या खोलीत शिरले ते एकाच चपलेवर. डॉक्टरांनी विचारलं, भाऊ, डावी कुठे आहे? भाऊंनी खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. चप्पल दर्यापूरच्या जीपमध्येच राहिली होती. तापलेल्या डांबरावरून ते तसेच चालत आले होते आणि तळव्याला मोठा फोड आला होता.

भाऊ आधी हसले. मग म्हणाले, "मले समजलंच नाई, साहेब."

डॉक्टर हसले नाहीत. तब्येत चांगली आहे म्हणून भाऊंनी वर्षभरापूर्वीच व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या होत्या. या ऑपरेशननंतर त्या जन्मभर लागतात, नाहीतर नसा सुकत जातात. त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू झाली. उजवा पाय सुधारला. डाव्याच्या बोटांना अजून कळत नाही, म्हणून भाऊ रोज झोपण्याआधी पाय उजेडात धरून बघतात.

*

आणि हे परतवाड्याचं. नणंदेच्या घराची वास्तुशांती होती. मी पंगतीतून लवकर उठले, तेवढ्यात एका बाईने माझा हात धरला. मी तिला लगेच ओळखलं. मंगला, कॉलेजात असताना होस्टेलवर माझ्या खोलीत राहायची. वीस वर्षांत भेट नव्हती.

"तुमी सुषमाच्या बहीण ना?" ती म्हणाली. "चेहरा तिचाच हाय."

सुषमा म्हणजे मीच. मला बहीण नाही. ते सांगायला मी तोंड उघडलं, पण ती हात सोडेना. म्हणाली, तिच्या लग्नात सुषमा करवली व्हायची ठरली होती. चार दिवस आधी तिने सुषमाला कळवलं की सासूबाईंना त्यांच्या माहेरची मुलगी हवी आहे. मला ते आठवत होतं. त्या लग्नात मी मांडवभर अक्षता वाटत फिरले होते.

"सासूबाई काईच बोलल्या नव्हत्या," मंगला म्हणाली. "मीच म्हटलं, ती फोटोत कशी दिसीन. तिले सांगजा, माहं चुकलं. तिच्यासमोर जायची माही हिंमत होत नाई."

"सांगते," मी म्हणाले.

"बरी हाय ना ती?"

मला जरा विचार करावा लागला. म्हटलं, बरी आहे.

परतताना गाडीत ह्यांनी विचारलं, इतका वेळ कोण बोलत होतं गं तुझ्याशी?

"सुषमाची मैत्रीण होती," मी म्हणाले.