आंब्यावरची जाळी, पाळीवरचा कोसा

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर तीनेक वर्षांनी मी शाळेतून निवृत्त झाले. नवरा जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. लाखनीपासून थोडं आत, गावाच्या शेवटी माझं घर. मागे कुंपण, कुंपणापलीकडे तलावाची पाळ आणि पाळीवर ऐनाची झाडं. त्या झाडांवर शेजारचा म्हातारा कोसा करायचा, म्हणजे रेशमाच्या अळ्या पाळून त्यांचे कोष उतरवायचा. म्हातारा म्हणते खरी, पण तो माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा. संध्याकाळी कुंपणाशी येऊन अर्धा तास बोलायचा. पाऊस, मासे, सुनेची कुरकुर. सबंध दिवसात माझ्याशी बोलणारं तेवढंच एक माणूस. ते मी त्याला कधी कळू दिलं नाही. मास्तरीणपणाचा ताठा, दुसरं काय.

एका वर्षी पोळा झाला आणि अंगणातल्या आंब्यावर पानांचे गुच्छ दिसू लागले. लाल मुंग्यांनी घरं केली असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण मुंग्यांचं घर हिरवं असतं, जिवंत पानं शिवलेलं. हे गुच्छ तांबूस होत होत वाळले. एक खाली ओढून उघडला, तर आत कोळ्याच्यासारखं जाळं, त्यात काळी लेंडं आणि अंग चोरून बसलेल्या अळ्या. पानाची नुसती शीर उरलेली. तीस वर्षं मी चौथीच्या पोरांना अळी, कोष, फुलपाखरू शिकवलं, पण हे पुस्तकात नव्हतं.

कुंपणाशी उभी राहून मी त्याला गुच्छ दाखवला.

"जाळीवाली अळी हाये," तो म्हणाला. "दवा नोका मारू, बाई. माह्या अळ्या झाडावर हायेत. कोसा उतरला का मी येतो न् सारं झाड साफ करून देतो. आकडीनं वढाचं, साबनाच्या पान्यात बुडवाचं, खालची माती उकराची. दुसरं काही लागत नाही."

मी बरं म्हटलं.

अळ्या झाडावर चढवल्यापासून कोसा उतरेपर्यंत त्याचा नेम असे. आज्याच्या काळापासून चालत आलेला. मासळी खायची नाही, दाढी करायची नाही, कोणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दिवसभर झाडांखाली गुलेल घेऊन पाखरं हाकलायची. त्या दिवसांत कुंपणाशीही फारसा यायचा नाही. कोणाच्याच घरचं नाही की माझ्याच घरचं नाही, असा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडला होता. आमचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं. आमच्यातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. पुढे कळलं की तो लेकीच्या घरीही पाणी पीत नाही. तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

एका दुपारी पावसाची झड आली. तो माझ्या पडवीत येऊन उभा राहिला, नखशिखांत भिजलेला, दात वाजत होते. आठ दिवसांत मी कोणाशी धड बोलले नव्हते. मी चहा टाकला.

"नाही, बाई. नेम हाये."

"अळ्यायले काय समजते, भाऊ? घ्या. ताप भरल तर पाखरं कोन हाकलन?"

मी आग्रह केला, आणि माझा आग्रह म्हणजे वर्गातला आग्रह. त्याने उभ्या उभ्या चहा प्यायला. पाऊस थांबेपर्यंत बोलत बसला. मला फार बरं वाटलं, हे खरं.

नंतर मात्र तो पुन्हा आलाच नाही. मी रोज संध्याकाळी कुंपणापाशी उगाच फुलझाडांना पाणी घालत राहायची. तो झाडांखाली दिसायचा, हात करायचा, बस. आंब्यावरचे गुच्छ वाढत होते. अंगणात लेंडं पडत होती. माझं डोकं फिरलं. त्याला त्याच्या अळ्यांचं पडलंय, माझ्या झाडाचं कोणाला पडलंय, असं मनात घेऊन मी धानावर दवा मारणाऱ्या एका माणसाला अंगणात बोलावलं. म्हातारा तेव्हा जेवायला घरी गेला होता. पंपाचा फवारा शेंड्यापर्यंत गेला. वारा पाळीकडे होता, ते मला दिसत होतं. थोडा तर वारा आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी आला. तळहातावर एक हिरवी, बोटभर जाड अळी होती, लोळागोळा झालेली.

"साऱ्या पडून रायल्या, बाई. धानाची दवा म्हनावं तं वारा तिकडचा नव्हता. तुमाले तं मी सांगूनच ठेवलं होतं." मग खाली बघून म्हणाला, "चहा भोवला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण खरं कळलं तर हा माणूस पुन्हा कुंपणाशी येणार नाही, एवढंच मला दिसलं. मी म्हटलं, "अरेरे." तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर अरेरे.

तरीही तो यायचा थांबलाच. माझ्या दारात नेम मोडला, म्हणून माझं दारच त्याने टाळलं. रस्त्यात दिसला की मान खाली. पुढच्या हंगामात पाळीवर अळ्या चढल्या नाहीत. नेम मोडलेल्या हाताने पुन्हा अळ्या चढवणार नाही म्हणतो, लाखनीच्या धान गिरणीत पोती वाहायला जातो, असं दूध घालणारी बाई म्हणाली. त्या वयात. मी ते ऐकून घेतलं आणि दुधाचं भांडं आत नेलं. संध्याकाळी इतकी शांतता असायची की मी स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले. मुलगा फोनवर म्हणायचा, आई, ये इकडे. कुठल्या तोंडाने सांगणार की इथे माझं एक काम राहिलंय.

दोन वर्षांनी आंब्यावर पुन्हा जाळी आली. या वेळी मी दवा आणली नाही. लांब बांबूला आकडी बांधली आणि त्याने सांगितलं होतं तसं एक एक गुच्छ ओढू लागले. खालचे निघाले. वरच्यांसाठी स्टुलावर चढले, तर स्टूल डुगडुगलं. तो रस्त्याने गिरणीतून परतत होता. फाटक उघडून आत आला, माझ्या हातातली आकडी घेतली आणि वरचे गुच्छ काढू लागला. मी ते उचलून साबणाच्या पाण्यात बुडवत होते.

"दवा नाही मारली, बरं केलं," तो म्हणाला.

दोन वर्षांत ऐकलेला त्याचा पहिला शब्द. इथे गप्प बसले असते, तर तो उद्याही आला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या दाढीत भुसा अडकला होता, खांदे एका बाजूला कलले होते. मला ते बघवेना.

"भाऊ, तुमच्या अळ्या चहानं नाही मेल्या. त्या साली मी आंब्यावर दवा मारली होती. वारा तुमच्याकडे होता."

त्याने आकडी हळूच खाली आणली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मंग मी कोसा काहून सोडला, बाई?"

रागाने नाही, खरोखरीच विचारलं त्याने. उत्तर मिळेल म्हणून माझ्याकडे बघत थांबलाही. शेवटी त्याने राहिलेले तीन गुच्छ काढले, बादलीत दाबून बुडवले आणि फाटक लावून गेला.

तो परत आला नाही. आता दर वर्षी आंबा मीच साफ करते, जेवढा हाताला लागतो तेवढा. मुलगा विचारतो, आई, एकटं वाटत नाही का? वाटतं. पण तक्रार करायला मला तोंड नाही.