बिबट्याचं पिल्लू आणि माझी बारीक फुली

पिल्लू टोमॅटोच्या क्रेटमध्ये होतं. खाली मऊ जुनी साडी. कपाळावर काजळाची तीट. ठिपक्यांच्या गर्दीत ती मला दिसलीच नसती, घरातल्या आजींनी कौतुकाने दाखवली.

ओझरच्या पुढे, निफाडच्या बाजूला एका मळ्यात आम्ही तिघं उभे होतो. वनखात्याच्या रेंज ऑफिसर मॅडम, त्यांचे वनरक्षक आणि मी. भोवती सगळी वस्ती जमली होती आणि प्रत्येकाचा मोबाइल क्रेटकडे वळलेला होता.

"उचललंत कशाला?" मॅडमनी विचारलं.

मळ्याचे मालक बाळूभाऊ जराही गडबडले नाहीत. "मॅडम, तुमच्याच पोस्टरवर हाय ना तसं! डेअरीपाशी लावलंय. त्याच्यात बी मांडीवर घेऊन दूधच पाजत्यात."

"आन् दृष्ट बी काढत्यात," आजी म्हणाल्या. "म्या काढली."

मॅडमनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. पोस्टर माझं होतं.

मी नाशिकला असतो आणि व्यंगचित्रं काढतो. दिवाळी अंकांत, मुलांच्या मासिकांत माझे हत्ती स्कूटर चालवतात, कावळे कोर्टात भांडतात. त्यामुळे लोक मला वन्यजीवांचा जाणकार समजतात आणि मी तो गैरसमज कधी दूर केलेला नाही. प्रत्यक्ष वन्यजीवाशी माझा संबंध एकदाच आला, सप्तशृंगी गडावर माकडाने चष्मा पळवला तेव्हा.

काम सोपं होतं. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. ऊसतोड सुरू झाली की ती सापडतात. लोक लाडाने उचलतात आणि आई शोधत येते. मग माणसाचं काही खरं नसतं. पिल्लाला हात न लावता मागे सरकायचं आणि वनखात्याला फोन करायचा, एवढंच सांगायचं होतं. तोडीच्या आधी एका गावात पोस्टर लावून बघायचं आणि मग सगळीकडे छापायचं, असं ठरलं.

मी दोन चौकटी केल्या. पहिली 'असं करू नका', दुसरी 'असं करा'. पहिलीत जीव ओतला. शेतकऱ्याच्या मांडीवर पिल्लू, तोंडात बाटली, बायको सेल्फी घेतेय, आजी मीठमोहऱ्या ओवाळतेय आणि मागे उसात दोन डोळे. दुसऱ्या चौकटीत तोच शेतकरी कानाला फोन लावून उभा. सरकारी जाहिरातीत उभे असतात तसा. पहिलीवर जाडजूड लाल फुली मारा, असं मॅडमनी सांगितलं होतं. पण एवढं सुंदर चित्र झाकलं जाईल म्हणून मी फुली बारीक काढली, आणि तीही कोपऱ्यात.

आमच्या धंद्यात 'पंच' म्हणून एक प्रकार असतो. वाचक ज्या जागी हसतो ती जागा. माझा पंच चुकीच्या चौकटीत होता. गावाने तीच चौकट पाहिली, हसलं आणि लक्षात ठेवली. दुसऱ्या चौकटीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"उसाला पाणी देताना सापडलं ती जागा दाखवा," मॅडम बाळूभाऊंना म्हणाल्या. "आई तिथेच येईल."

"आली नाही तर?" मी विचारलं.

"मग हे जन्मभर पिंजऱ्यात राहील." मग हळू आवाजात त्या म्हणाल्या, "सर, छपाई थांबवलीय. आठवड्यात नवीन द्या. नाहीतर मी नुसता मजकूर छापणार."

मी क्रेटकडे बघितलं. ते पिल्लू साडीचा काठ चोखत होतं.

ऊन उतरायला लागल्यावर वनरक्षकांनी क्रेट उसाच्या सरीत नेऊन ठेवला, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना मागे हटायला सांगितलं. पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. अख्खी वस्ती उलटी चालू लागली. बाळूभाऊंना मागचा पाट दिसला नाही. ते थेट पाण्यात बसले. त्यांची बायको तोंडाला पदर लावून हसत सुटली. आजी मात्र ट्रॉली मागे घेताना ड्रायव्हरला सांगतात तसं ओरडत होत्या, "येऊ दे, येऊ दे... आरं, डावीकडं घे!"

घरी आल्यावर मी आधी एक भीषण चित्र काढलं. सुळे, रक्त, सगळं काही. मॅडमना पाठवलं.

लगेच फोन आला. "हे लावलं तर लोक काठ्या घेऊन उसात घुसतील."

"गोड चालत नाही, भयानक चालत नाही. मग काढू काय?"

"चित्रकार तुम्ही आहात, सर."

हे वाक्य मला आजवर कोणी इतक्या थंडपणे ऐकवलं नव्हतं.

सकाळी वनरक्षकांनी कॅमेऱ्यातला फोटो पाठवला. मादीने पिल्लाला मानेला धरून उचललं होतं. मी स्वयंपाकघरात उभा राहून रडलो. बायकोने विचारलं, तर म्हणालो, कांदा झोंबला. कांदा तीच चिरत होती आणि ती खिडकीपाशी होती.

मग बसलो आणि काल संध्याकाळी पाहिलं तेच काढलं. एकच चौकट. सरीत पिल्लू, आणि सगळं कुटुंब रिव्हर्समध्ये. शेतकरी पाटात, आजी 'येऊ दे, येऊ दे' करतेय. खाली मोठ्या अक्षरात वनखात्याचा नंबर. 'असं करू नका' कुठेच नाही. मॅडमनी चित्र बघून फक्त "छापा" म्हटलं.

ऊसतोड सुरू झाल्यावर वनरक्षकांनी एक व्हिडिओ पाठवला. तोडणाऱ्यांची टोळी कोयते खाली करून उलटी चाललेली. मुकादम हात हलवत ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे!" बाया हसून बेजार. समोर सरीत दोन पिल्लं, आणि त्यांना कोणाचाही हात लागलेला नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. माझं पोस्टर त्यात कुठेच दिसत नव्हतं.

माणसं सूचना पाळत नाहीत, गंमत पाळतात. इतकी वर्षं पोट त्याच गमतीवर भरत होतो, आणि हे मी शिकावं म्हणून बाळूभाऊंना पाटात पडावं लागलं.