बारा वाट्या अन् एक पाटी

हसाचं असन तर आताच हसून घ्या. सांगता सांगता मधात कोणी हसलं तर मी चहा अर्धा टाकून उठून जाईन. माझंच अंगण असलं तरी उठून जाईन.

माझा धंदा तर तुम्हाले माहीत आहे. करडी गावात खरादीचं काम करणारा मी एकटा. फिरत्या लाकडावर पटाशी टेकवली का सालपटं उडतात अन् आतून बेलन निघते, पलंगाचा पाय निघते. तीस वर्षं हेच केलं. यंदा भंडाऱ्याच्या हस्तकला मेळाव्यात मले तीन दिवसांचा स्टॉल मिळाला.

हे ऐकून माझा साळा दिवाकर काय म्हणाला असन? म्हणे, "भाऊजी, बेलन पाहाले कोण येईल? घरोघरी बेलन आहे. ज्याच्या घरी नाही, त्याच्या घरी बायको नाही."

माझी सटकली. म्हटलं, बेलन मांडीनच नाही. शिवणीच्या लाकडाच्या वाट्या मांडीन, टिचकी मारली तर वाजतील इतक्या पातळ. बारा वाट्या. "अन् नाही मांडल्या तर खराद मोडून चुलीत घालीन," असं चार लोकांसमोर बोलून बसलो. बोलाची काही गरज नव्हती. पण दिवाकर समोर असला का माझी जीभ माझी राहत नाही.

पंधरा दिवसांत वाट्या उतरल्या. झकास उतरल्या. फक्त लाकूड होतं थोडं ओलं, अन् ओल्या लाकडाची वाटी उघडी ठेवली तर तडकते. आमच्या बापानं शिकवलं होतं, खरादलेलं ओलं लाकूड धानात पुरून ठेवाचं. धान हळूहळू ओल ओढते, लाकडाले कळत बी नाही. मंग मी लग्नात मिळालेल्या कोऱ्या दुपट्ट्यात बाराही वाट्या बांधल्या, कोठ्यात भिंतीपाशी धानाची पोती होती, त्यातल्या एकात मधोमध गाठोडं खुपसलं अन् पोत्याचं तोंड शिवून टाकलं. दिवाकरची नजर लागू नये म्हणून कोणालेच सांगितलं नाही. बायकोले बी नाही.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी कोठ्यात गेलो. भिंतीपाशीचं पहिलं पोतं उसवलं. कोपरापर्यंत हात घातला. नुसतं धान. दुसरं उसवलं, तिसरं उसवलं. सातही पोती अंगणात ओतली. कोंबड्यांची दिवाळी झाली, पण वाट्या काही निघाल्या नाहीत.

बायको मंदा दारात येऊन उभी राहिली. "अजी, काय शोधून राहिले?"

"चोरी झाली. पोत्यातल्या माझ्या बारा वाट्या गेल्या."

"पोत्यातल्या? पण मागच्या हप्त्यात पोरीच्या घरी बपेऱ्याले—"

"तू मधात बोलू नको. मले चोर माहीत आहे."

आता तुम्हीच सांगा, माझं नाक कापलं जावं असं कोणाले वाटत होतं? दिवाकरले. मागच्या हप्त्यात तो आमच्या कोठ्यात गेला होता का नाही? गेला होता. गाडीत पोती चढवाले मीच बोलावलं होतं म्हणा, पण गेला तर होता.

लावला फोन. "दिवाकर, वाट्या आणून दे."

"कोणत्या वाट्या, भाऊजी?"

पाहा, किती सफाईनं इचारून राहिला. मी म्हटलं, माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको.

मंदानं ते ऐकलं अन् शांतपणानं म्हणाली, "माझा भाऊ चोर निघाला तर मी त्याच्याशी बोलणार नाही. नाही निघाला तर तुमच्याशी बोलणार नाही." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलं बी नाही.

त्यात संध्याकाळी बपेऱ्याहून पोरीचा फोन. "बाबा, सासूबाई, सासरे, सारे लय खुश आहेत. इतकं मन लावून कोणी पाठवत नाही म्हणतात."

"आपल्या वावरचं धानच तसं आहे, बाई," म्हटलं अन् ठेवून दिला. इथं घर लुटलं गेलं, अन् हिले धानाचं कौतुक.

दुसरा असता तर त्यानं स्टॉल सोडला असता. मी सोडतो? टेबलावर खडूनं बारा गोल काढले. मागं लाल रंगानं पाटी लावली: 'या जागी शिवणीच्या बारा वाट्या होत्या. चोरानं नेल्या. चोर घरचाच आहे.'

मेळाव्याच्या मॅडम आल्या. "काका, काहीतरी मांडा हो."

"मांडली आहे ना, हिंमत मांडली आहे," मी म्हटलं.

बाजूच्या पितळेच्या भांड्यांपेक्षा माझ्यापाशी गर्दी जास्त होती. चोरीची कहाणी मी सकाळपासून सात वेळा सांगितली. दर वेळी चोर थोडा अजून हरामखोर होत गेला.

दुपारी मंदा आली, संगं दिवाकर. त्यानं पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं अन् बाजूले उभा राहिला. मी लोकायले डोळ्यानं खूण केली, हाच तो.

तेवढ्यात बपेऱ्याचे व्याही आले. मागून विहीणबाई अन् माझी पोरगी. व्याह्यांच्या खांद्यावर कोरा दुपट्टा होता. हिरव्या काठाचा. काठ मले ओळखीचा वाटला.

व्याह्यांनी पिशवीतून एक वाटी काढली अन् गर्दीले दाखवली. "पाहा आमच्या व्याह्यांची कला. धानाच्या पोत्यात दुपट्ट्यात बांधून आहेर पाठवला, अन् तोंडानं एक शब्द सांगितला नाही. आमचं धरून भाऊबंदांची बारा घरं, घरोघरी एक एक वाटी दिली. एकीलेही तडा नाही."

टिचकी मारली. वाटी वाजली, हो. मंग त्यांनी पाटी वाचाले घेतली. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

मंदा म्हणाली, "भिंतीपाशीची दोन पोती तुम्हीच दिवाकरले सांगून बपेऱ्याच्या गाडीत चढवली होती. तेच तर सांगून राहिली होती मी."

सारी गर्दी माझ्याकडे पाहून राहिली होती. माफी मागाची होती, मले समजते. पण तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, "पाटी मी लावली आहे. ती तिन्ही दिवस राहील. मी काढत नसतो."

"कोण म्हणते काढा?" दिवाकरनं स्टूल उचललं, पाटीच्या बरोब्बर खाली नेऊन ठेवलं अन् हातानं पुसलं. "पाटीत काही चूक नाही, भाऊजी. तुम्हीच जरा इकडं सरका."