ताईचं पहिलं मत

करोनाच्या पहिल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, मी नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये बसून अमेरिकेतल्या एका राज्याच्या गव्हर्नरच्या निवडणुकीचा घोर लावून घेतला होता. साऱ्या जगाचं लक्ष तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या निकालाकडे होतं, माझं ताईच्या राज्याकडे. ताई तिथल्या शाळेत गणित शिकवते. एकटी राहते. किडनी बदलल्यापासून तिला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात, म्हणून मार्चपासून ती घरातूनच शिकवत होती. नुकतीच तिथली नागरिक झाली होती आणि हे तिचं पहिलंच मत. एक उमेदवार म्हणत होता, शाळा लगेच उघडू, मास्कची सक्ती नको. आधीपासून पदावर असलेला गव्हर्नर म्हणत होता, जरा थांबा. मला अर्थातच थांबणारा हवा होता.

पुण्याहून बाबांचा फोन आला. सगळा जन्म सरकारी नोकरीत गेलेला, त्यांना हे पटेचना.

"राज्यपालाची कसली आलीय निवडणूक? त्याला दिल्लीहून पाठवतात."

"बाबा, तिकडे लोक निवडून देतात. आपल्या मुख्यमंत्र्यासारखा असतो तो."

"मग मुख्यमंत्री काय करतो?"

मुख्यमंत्री नसतोच म्हटल्यावर त्यांनी तो नाद सोडला. मग म्हणाले, "कोणी का येईना, पोरीला घरात बसू दे म्हणावं."

म्हणावं कुणाला, ते मलाही कळत नव्हतं. ज्या माणसाचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी मी देवापुढे दिवा लावला. आणि माझी स्वतःची लेक रोज मास्कशिवाय, सायकलवरून शाळेत जात होती! इकडे शाळा उघड्या म्हणून मी खूश, तिकडे बंद राहाव्यात म्हणून नवस. डोकं पार भंजाळलं होतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर थांबणारा जिंकला होता. चकलीची भाजणी भिजवता भिजवता मी ताईची सकाळ व्हायची वाट पाहिली आणि दुपारी फोन लावला.

"ताई, जिंकलो गं आपण!"

 

"मी दुसऱ्याला मत दिलं," ती म्हणाली.

"अगं, तो तर तुला वर्गात पाठवणार होता!"

"म्हणूनच."

मला आधी थट्टाच वाटली. मग मी गोळ्या काढल्या, डॉक्टर काढले, बाबांचं वय काढलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मुलं कॅमेरे बंद ठेवतात," ती म्हणाली. "मार्चपासून मी एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. मला वर्गात जायचंय गं. काय व्हायचं ते होऊ दे."

तिला वेडी म्हणावं की धीट, मला समजेना. राग आला, आणि रडूही आलं. नंतर बोलते, असं काहीतरी मी पुटपुटले.

"फोन नको ठेवूस," ती म्हणाली. "बोलू नकोस काही. नुसती राहा."

मी राहिले. पलीकडे ती चहा करत होती. नळ, पातेलं, कप, सगळं ऐकू येत होतं. तिचा पहिला तास सुरू होईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.