गोठ्यातली मालिका

सातची मालिका आणि म्हशीची धार एकाच वेळेला येते, म्हणून मी मालिका कायम अर्धीच बघत आले. खोपोलीला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने मग टीव्हीमागे एक छोटी पेटी बसवली. छतावरच्या डिशची वायर पेटीत जाते आणि पेटी वायफायवरून गोठ्यातल्या जुन्या मोबाईलवर चित्र पाठवते. आतलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कुणीही ते आपल्या सोयीने बदलू शकतं, असं त्याने सांगितलं.

रविवारी तो घरी होता तेव्हा सगळं चाललं. सोमवारी मी धारेला बसले, तर मोबाईलवर नुसतं चक्र फिरत होतं. मंगळवारी, बुधवारीही तेच. त्याच आठवड्यात मालिकेतल्या बाईचा कोर्टात निकाल लागणार होता. मी मुलाला फोनवर म्हटलं, "फुकटचं आणलंस, आता भोग."

"आये, मला इथून माझ्या मोबाईलवर पेटीच दिसत नाय," तो म्हणाला.

गुरुवारी सून कामावरून लवकर आली आणि गोठ्याच्या दारातून म्हणाली, "आई, पेटी चालंल कशी? बटण तुमीच बंद केलंय."

खरंच होतं. संध्याकाळी शेतावरचे पंप सुरू-बंद झाले की आमची वीज उसळते. तशात एक टीव्ही जळाला, तेव्हापासून घरात कुणी नसलं की गोठ्यात जाताना मी घरातली सगळी बटणं बंद करते.

निकाल हुकला तो हुकलाच. आता बटण चालू ठेवते, पण दिवा जरा लुकलुकला की धार सोडून घरात पळते. मालिका अजूनही अर्धीच बघते.