बबिता सिस्टरची पावती

नऊ वर्षं बबिता आडे स्कुटीवर यवतमाळला ड्युटीला गेली आणि नऊ वर्षांत तिची एकही पावती फाटली नाही. तांड्यात दुसऱ्या कोणाला हे सांगता येत नव्हतं. सरपंचाची फाटली होती, भजनी मंडळाच्या टेम्पोची फाटली होती, एका नवरदेवाची तर वरातीच्या वाटेवर फाटली होती, कारण बाशिंगावर हेल्मेट बसत नाही. बबिताची नाही. बबिता नर्स होती, आणि नर्सला पोलीस अडवत नाहीत. आधी नुसतं सोडून द्यायचे. कोरोनात सलाम ठोकायला लागले. पुढं कोरोना गेला, सलामाचा हात सवयीनं वर जात राहिला.

तांडा लोहाऱ्याच्या पलीकडं. तिथून एमआयडीसीच्या कडेनं शहरात शिरलं की कडुनिंबाचा चौक लागतो, आणि चौकात पोलीस. तिच्या गाडीला आरसा एकच, तोही लिपस्टिक नीट करायला वळवलेला. विमा कधी संपला ते विमावाल्यांनाही आठवलं नसतं. लायसन शिकाऊ काढलं होतं. शिकून झालं, मग पक्कं काढायचं राहून गेलं. या सगळ्यावर एकच उपाय, गळ्यातलं ओळखपत्र. त्याला तिनं दुहेरी लॅमिनेशन करून घेतलं होतं आणि लग्नाकार्यालाही ती ते मंगळसूत्राच्या वर घालायची.

गंमत म्हणजे तिची ड्युटी अपघात वॉर्डात. रोज फुटलेली डोकी यायची. बबिता ती धुवायची, टाके घालताना डॉक्टरला हात द्यायची आणि नातेवाइकांना झापायची, "हेल्मेट घालाले काय झालंतं? डोक्यावर काय सोनं ठेवाचं होतं का?" नातेवाईक माना खाली घालायचे. चार वाजता सिस्टर अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा बसवून उघड्या डोक्यानं घरी निघायची.

आता फुकट कोणी कोणाला सोडत नसतं, हे बबिताला कळायला हवं होतं. सुरुवात धावजी हवालदारानं केली. धावजी म्हणजे त्या चौकाचा मालकच. पोट बेल्टाच्या पुढं चार बोटं, आणि गालात दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा. एका सकाळी त्यानं हात आडवा केला.

"सिस्टर, रागावू नोका. सकाळपासून डोकं गरगर करून राह्यलं. जरा बीपी पाहता का?"

डिकीत दवाखान्याचं जुनं बीपीचं मशीन होतं. येता-जाता तांड्यातल्या म्हाताऱ्यांचं बघायला ती ते ठेवायची. तिनं धावजीच्या दंडाला पट्टा बांधला.

"एकशे साठ-शंभर. हवालदारसाहेब, खर्रा सोडा."

"सोडतो ना. हा संपला का सोडतोच."

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली दोन शिपाई उभे. तिसऱ्या दिवशी चहावाल्याचं स्टूल आलं. महिनाभरात तो चौक राहिला नाही, ओपीडी झाली. मशीन कमी पडलं तर गप्पा होत्याच. एकाची सासू, तिची शुगर. दुसऱ्याचे मूळव्याधीचे रिपोर्ट मोबाईलवर, भर रस्त्यात, मोठे करून. तिसऱ्याला दवाखान्यात बिनारांगेचा नंबर पाहिजे. समोर पट्टा बांधून हवालदार डोळे मिटून बसलेला, आणि मागून तीन-तीन सीट पोरं आनंदानं सिग्नल तोडून चाललेली.

बबितालाही बरं वाटायचं, हे सांगितलं पाहिजे. येणारेजाणारे बघायचे, पोलीस हात जोडून उभे आणि मध्ये आपण. घरी सासूला, भुरीबाईला, ती बंजारा रीतीनं याडी, म्हणजे आई, म्हणायची. तिला सांगायची, "याडी, पोलिसायचं माह्याबिगर पानही हालत नाही." भुरीबाई ऐकून घ्यायची. तिनं पन्नास वर्षं ऊसतोडीच्या गाड्या आणि नाके पाहिले होते.

साडेसातला घरून निघालेली बबिता आठच्या ड्युटीला साडेआठला पोचू लागली. हजेरीचं मशीन बोट ओळखतं, कारण ओळखत नाही. फेब्रुवारीत सहा लेट मार्क. मार्चच्या पहिल्या सोमवारी मेट्रन कोकिळाताई गावंडे यांनी तिला बोलावलं आणि कागद पुढं सरकवला.

बबिता कंत्राटी होती. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस घरी, पुन्हा अकरा महिने. नऊ वर्षं असंच. आणि कागदावर लिहिलं होतं की वारंवार उशिरा येत असल्यानं पुढची ऑर्डर का देण्यात येऊ नये, याचा खुलासा शुक्रवारपर्यंत करावा.

"मॅडम, मी घरून टायमावरच निघतो. चौकात पोलीस अडवते."

कोकिळाताईंनी चष्मा काढला. "नर्सले पोलीस अडवते? बबिता, पंचवीस वर्षं झाले मले या नोकरीत. आजपावेतो एका तरी नर्सची पावती फाटली का?"

"तसं नाही. ते बीपी पाहाले अडवते."

"हे लिहू का मी खुलाशात? पोलीस खातं रस्त्यावर बीपी पाहून राह्यलं म्हणून? वरचे साहेब मलेच डोकं तपासाले पाठवतीन." त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "एक पावती आन. एकच. तुह्या नावाची, नाक्यावरची. मी मानतो का नर्सले पोलीस अडवते, अन् हा कागद फाडतो. नाही त शुक्रवारी तुही फाईल बंद."

पावती! बबिता हसतच बाहेर आली. अख्खं यवतमाळ जी चुकवायला गल्लीबोळ शोधतं, ती मिळायला काय लागतं?

मंगळवारी ती धावजीसमोर उभी राहिली. "हवालदारसाहेब, माही एक पावती फाडा."

आता पावती फाटत नाही, मशीनमध्ये नंबर टाकला की मोबाईलवर येते. तरी शब्द फाडण्याचाच राहिला. धावजीनं कानाला हात लावला. "तुमची पावती? अवो सिस्टर, नरकात जाईन मी. बसा, चहा सांगतो."

"हेल्मेट नाही माह्याजवळ."

"दिसून राह्यलं. देवानं केसं इतके दाट देले, हेल्मेट कायले पाह्यजे?"

"लायसन बी नाही!"

धावजीनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोला. लोकं ऐकतीन, उगा तुमची बदनामी." मग शर्टाची बाही वर करून दंड पुढं केला. "आज वरचं किती येते पाहा बरं."

त्या दिवशी ती आठ पस्तीसला पोचली.

बुधवारी तिनं जाणूनबुजून गुन्हे केले. ड्युटी दुपारची होती, तेव्हा सकाळीच सासूला आणि नणंदेला मागं बसवलं, मोबाईल कानाला लावला, आणि एकेरी रस्त्यानं उलटी चौकात शिरली. भुरीबाईच्या डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. धावजीनं शिट्टी फुंकली, तर ती ट्रकवाल्यासाठी. ट्रक थांबवून त्यानं सिस्टरला वाट करून दिली आणि भुरीबाईला रामराम केला.

"काय वो," भुरीबाई मागून म्हणाली, "याइले डोळे हायेत का नाही?"

मग दोघींना उतरवून बबितानं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं, कोट डिकीत कोंबला, ओढणीनं तोंड बांधून दोनच डोळे उघडे ठेवले, आणि पलीकडच्या चौकात गेली. तिथं अर्पिता नावाची नवीन शिपाई होती. ताजी भरती, इस्त्री मोडलेली नाही, आदल्याच दिवशी तिनं स्वतःच्या मामाला सोडलं नव्हतं म्हणे.

"गाडी बाजूले घ्या. हेल्मेट? लायसन?"

"नाही," बबिता आनंदानं म्हणाली.

अर्पितानं मशीन काढलं, नंबरप्लेटचा फोटो घ्यायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. प्लेटवर लाल रंगाचं अधिकचं चिन्ह होतं. बबिताच्या नवऱ्यानं, देवसिंगनं, दोन वर्षांपूर्वी चिकटवलं होतं. त्या चिन्हाच्या जोरावर तो स्वतः सोयाबीनची पोती वाहायचा.

"सिस्टर हाय का तुम्ही? मंग सांगाचं ना पयलेच. माही मोठी बहीण बी नर्सच हाय, कोरोनात पीपीई घालून घालून अंगाची सालटी गेलती तिच्या." तिचे डोळे भरून आले. "जा तुम्ही. पेशंट वाट पाहत असन."

"अवो, कोणी पेशंट नाही! मी भाजी घ्याले आलो!"

"किती नम्र असता तुम्ही लोकं," अर्पिता म्हणाली आणि रस्ता मोकळा करून दिला.

बुधवारी ड्युटीवरून परतली तेव्हा बबिता चुलीसमोर बसून राहिली. शुक्रवारी फाईल बंद. देवसिंग म्हणाला, "एवढी ओळख हाय पोलिसायची, कोनाले सांगून पाह्य ना." तो असाच माणूस. ओळखीनं अडलेलं काम त्याला ओळखीनंच सोडवायचं होतं.

भाकरी थापता थापता भुरीबाई बोलली, "तुले कोनं सांगतलं का ते तुले सोडते म्हणून? ते तुह्या डिकीले सोडते. मशीन ठेव घरी, अन् मंग जाऊन पाह्य."

"नाही याडी. मान ठेवते ते माही."

"त मंग घे मान, अन् बस घरी."

गुरुवारी सकाळी बबिता उलट्या बाजूच्या लांबच्या रस्त्यानं दवाखान्यात गेली. बीपीचं मशीन स्टोअरमध्ये जमा केलं आणि नोंदवहीत सही केली. तरी मनातून तिला वाटत होतं की सासू चुकावी. नऊ वर्षांचा मान होता तो.

शुक्रवारी सव्वासातलाच ती निघाली. गळ्यात ओळखपत्र, अंगात कोट, सगळं जागच्या जागी. कडुनिंबाखाली स्टूल मांडलेलं. धावजीची बाही आधीच वर.

"या सिस्टर. काल कुठं गेलत्या? मले रातभर झोप नाही."

"मशीन नाही आज. दवाखान्यात जमा केलं."

"म्हणजे उद्या आनता?"

"उद्या बी नाही. आता कधीच नाही. दवाखान्यात या, रांगेत उभे राहा, पाहून देतो."

धावजीनं बाही खाली केली. बटण लावलं. खर्रा बाजूला थुंकला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा गाडीकडं बघितलं. अगदी समोरून मागपर्यंत, नवीन बैल बघावा तसं.

"हेल्मेट कुठं हाय, बाई?"

सिस्टरची बाई झाली ती तिथं. बबिताचा हात आपोआप ओळखपत्राकडं गेला. पावतीच पाहिजे होती, तरी गेला.

"नाही."

"आरसा एकच. पीयूसी? नाही. विमा? नाही. लायसन?" प्रत्येक प्रश्नागणिक धावजीचा आवाज चढत होता, मनापासून दुखावल्यासारखा. "लायसन बी नाही! शिकलेले लोकं तुम्ही! दवाखान्यात रोज फुटलेले डोके पाहता अन् असे हिंडता? लाज वाटली पाह्यजे!"

हे शेवटचं मात्र खरं होतं, आणि ते ऐकून तिला खरोखर लाज वाटली. धावजीनं बोटानं मशीन दाबत दाबत एकेक कलम आत घातलं. रांगेतल्या एका शिपायानं कळवळून विचारलं, "अन् माह्या सासूचा नंबर?" बबितानं घड्याळ पाहिलं. सगळ्याला मिळून चार मिनिटं लागली.

आठला दहा कमी असताना तिनं हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं. मोबाईलवरचा मेसेज कोकिळाताईंच्या पुढं धरला. ताईंनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. पाच कलमं, नाव, चौक, वेळ.

"बाप्पा! खरंच अडवते त मंग नर्सले."

"अडवते ना."

शब्दाला ताई पक्क्या होत्या. ड्रॉवरमधला कागद काढून चार तुकडे केले, फाईल पुढं ओढली आणि पुढच्या अकरा महिन्यांच्या शिफारशीवर सही ठोकली. शिक्का मारता मारता म्हणाल्या, "अन् हे पाह्य, त्याच चौकात काल संध्याकाळी माह्या कपिलची गाडी अडकवून ठेवली त्याइनं. पोट्टा नुसता दूध आनाले गेलता. तुही ओळख हाय तिथं. जाऊन एक शब्द टाक."

बबितानं आधी कागद हातात घेतला. सही वाळली की नाही ते पाहिलं, घडी घातली, पर्समध्ये अगदी तळाशी ठेवली आणि चेन ओढली.

"हेल्मेट होतं का त्याच्या डोक्यावर, मॅडम?"

"दूध आनाले कोन हेल्मेट घालते?"

"मंग पावती फाडू द्या," बबिता म्हणाली. "चार मिनिटं लागते फक्त. सोडून देलं का लय उशीर होते."

आणि ती वॉर्डाकडं निघाली. आत नुकतंच एक डोकं आलं होतं.