रंजनाबाईंचं ‘जाते’

आमच्या रंजनाबाई हल्ली कुणाच्याही घरून निघताना ‘जाते’ म्हणतात. आमच्या उधना वस्तीतल्या बायकांना ते फार खटकतं. कारण याच बाई बावीस वर्षं शाळेत, भिंतीपलीकडच्या कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून, आम्हाला दरडावायच्या, “जाते काय म्हणतेस? येते म्हणावं!”

मी आठवीत असताना कॉम्प्युटरच्या तासाला त्यांनी आम्हाला पहिल्यांदा एका ऑनलाइन जगात नेलं. तिथे बाग होती आणि प्रत्येकाची एकेक बाहुली, डोक्यावर नाव असलेली. आम्ही अठरा मुलं आणि बाई एकोणिसाव्या. बागेत मात्र वीस बाहुल्या निघाल्या. विसावी बाकावर बसली होती, आणि तिला नाव नव्हतं.

“कोण आगाऊपणा करतंय? हात वर करा सगळे!” बाई कडाडल्या.

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. कीबोर्डवर कुणाचंच बोट नव्हतं. तरी त्या बाहुलीने मान वळवून आमच्याकडे बघितलं.

तास संपला. बाईंच्या शिस्तीप्रमाणे आम्ही ‘येतो’, ‘येते’ टाइप केलं आणि एकेक करून बाहेर पडलो. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर बाई आणि ती, दोघीच उरल्या.

तिच्याजवळ अक्षरं उमटली: ‘कधी येणार?’

बाईंनी टाइप केलं: ‘कुणी येणार नाही. मी जाते.’

ती बाकावरून उठली.

‘बरं,’ तिने लिहिलं. ‘येते मग.’